'टिफिन' : एका शब्दाची दोन घरे

बेंगळुरात नव्याने राहावयास आलेल्या मराठी गृहस्थास शेजाऱ्यांनी 'उद्या टिफिनला या' असे म्हटले, तर तो क्षणभर गोंधळतो. मराठीत टिफिन म्हणजे डबा. तो न्यावयाचा किंवा पाठवावयाचा असतो. डब्याला कोणी बोलावीत नाही. बेंगळुरात मात्र टिफिन म्हणजे इडली, दोसा, उप्पिट्टू असा उपाहार होय.

हा शब्द मूळचा इंग्रजी बोलीतील. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राम्य शब्दांच्या कोशात 'टिफिंग' आढळतो. भोजनाची वेळ सोडून खाणेपिणे, असा त्याचा अर्थ. आपले 'मधल्या वेळचे खाणे' ते हेच. हिंदुस्थानातील इंग्रजांनी दुपारच्या हलक्या आहारास टिफिन म्हटले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. पुढे इंग्लंडात तो मागे पडला. येथे मात्र रुजला.

कन्नडमध्ये 'ऊट' आणि 'तिंडी' असा भेद आहेच. ऊट म्हणजे पूर्ण भोजन. तिंडी म्हणजे त्याव्यतिरिक्तचे खाणे. 'तिन्नु' या क्रियापदाशी तिंडीचे नाते आहे. टिफिनशी असलेले ध्वनिसाम्य योगायोगाचे. तिंडीची ही तयार जागा टिफिनला मिळाली. लालबाग रस्त्यावरील, १९२४ मध्ये आरंभ झालेल्या 'मावळ्ळी टिफिन रूम्स' या उपाहारगृहाच्या नावात तो अर्थ आजही टिकून आहे.

मुंबईची गरज निराळी होती. घरचे जेवण कचेरीत पोचावयास हवे होते. 'टिफिन कॅरिअर' मधील दुसरे पद गळाले आणि पात्राचा अर्थ पहिल्या पदाकडे आला. त्या पात्रात पोळी, भाजी, वरण, भात असे पूर्ण जेवण असते. म्हणजे जेवण नव्हे ते सांगणारा शब्द जेवणच वाहू लागला.

म्हणून कन्नड कथेतील 'टिफिन'चा अनुवाद 'डबा' असा केल्यास यजमानाचे आतिथ्यच नाहीसे होते, आणि 'जेवण' असा केल्यास ते नको तेवढे वाढते. तेथे 'फराळ' किंवा 'खाणे' हेच शब्द योग्य. परका शब्द आपल्याकडे येतो तो अर्थाची शिदोरी घेऊन. परंतु त्याला कोठे बसवावयाचे, हे घरची भाषाच ठरविते.