आजोबांची सनई आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन

उमरठ म्हटले की महाराष्ट्राला नरवीर तानाजी मालुसरे आठवतात. पोलादपूर तालुक्यातल्या या गावी त्यांची समाधी आहे आणि १६७० च्या सिंहगडच्या लढाईचा पोवाडा ऐकत इथली मुले मोठी होतात. अशा गावात बसून चार माणसे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे जॅझ संगीत ऐकतात आणि कोणता अल्बम आधी ऐकावा यावरून तासन्‌तास वाद घालतात, असे सांगितले तर वाचकांना ती थट्टा वाटेल. परंतु गेली तीन वर्षे मी त्या वादातला एक पक्षकार आहे. आणि हा वाद नुसता कानांच्या आवडीनिवडीचा नाही, म्हणूनच तो या स्तंभात मांडतो आहे.

मंडळी मोजकीच. घरमालक आबा, वय ७८. मुंबईच्या गोदीत आयुष्य गेले, पँथरच्या दिवसांत मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या आणि पगाराच्या दिवशी फोर्टच्या फूटपाथवरून जुन्या कॅसेट विकत घेण्याचे व्यसन लावून घेतले. दुसरे एक निवृत्त शिक्षक. तिसरा आबांचा नातू. बुरशी चढलेल्या त्या कॅसेटवरची नावे त्याने वहीत उतरवली आणि तेच अल्बम मोबाईलमध्ये भरून आणले. चौथा मी. महाड न्यायालयातले काम आटोपून महिन्यातून एखाद्या शनिवारी जातो. पावसात वीज गेली तरी छोटा स्पीकर चालतो. चहा होतो आणि भांडण सुरू होते.

जॅझ म्हणजे पंचतारांकित हॉटेलातले श्रीमंतांचे संगीत, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक ते जन्मले न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत, गुलामांच्या नातवंडांच्या हातून. लुई आर्मस्ट्राँग हा या संगीताचा पहिला महापुरुष. तो वाजवायला शिकला तो कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये. आणि जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली, ती कोणाची? पाच गोऱ्या वादकांची! निर्मिती एकाची, नोंद दुसऱ्याच्या नावावर. सातबारा वाचणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपले आणि त्यांचे नाते काही नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ ला आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून संघटनेचे नाव घेतले. त्यांची पत्रके वाचली, कविता वाचल्या. पण संगीत? ते आपण त्यांच्याकडून घेतलेच नाही. याचे कारण शोधताना मला माझ्या आजोबांची सनई आठवते.

आजोबा म्हणजे आईचे वडील. खालूबाजाच्या पथकात ते सनई वाजवीत. गावाचे नाव सांगत नाही. शिमग्याच्या पालखीपुढे वाजवायचे, गावच्या मोठ्या घरच्या लग्नात वाजवायचे आणि जेवायला बसायचे मांडवाबाहेर, उष्ट्या पत्रावळी टाकतात तिथे. मजुरी ठरलेली नव्हती. सुगीला पदरात पडेल ते धान्य, तोच मोबदला. नाही म्हणायची सोय नव्हती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बजावले होते की मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टेशिळे मागू नका. पुढे १९५६ ची धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या शिमग्याला आजोबांना नेहमीप्रमाणे बोलावणे आले. “आम्ही आता बौद्ध झालो, देवापुढे वाजवणार नाही,” एवढेच ते बोलले. त्या वर्षी धान्य बंद, मजुरी बंद, वाटेने गुरे नेणे बंद. आजोबांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. मी पाच-सहा वर्षांचा असताना ती काढून फुंकली, तेव्हा आयुष्यात एकदाच त्यांनी माझ्यावर हात उगारला.

महाराष्ट्रात अशा किती सनया, किती हलग्या माळ्यावर गेल्या असतील! तो त्याग होता, आणि मी त्याला आजही सलाम करतो. परंतु आबांच्या नातवाने गेल्या वर्षी क्लॅरिनेट शिकायला घेतली आणि बँड पथकात जाणार म्हणून सांगितले, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, “आपल्या माणसांनी जे गळ्यातून काढून टाकलं ते तू परत बांधणार?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच तयार उत्तर नव्हते. तेव्हापासून आमच्या शनिवारच्या ऐकण्याचा रंगच बदलला.

आता अल्बमांकडे येऊ. गुरुजींचे म्हणणे असे की नवख्या माणसाला माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ द्यावा. १९५९ चा, पाचच रचना, संथ. त्यात सुरावटी झरझर बदलत नाहीत. वादक एकाच स्वरसमूहावर बराच वेळ रेंगाळतो, म्हणून आलाप ऐकलेल्या आपल्या कानाला तो परका वाटत नाही. हे मला मान्य आहे. ट्रम्पेट इतके हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखे वाजू शकते, हे आपल्या वरातीच्या बँडवर वाढलेल्या माणसाला ठाऊकच नसते. पण माझी हरकत अशी की या शांततेने माणूस फसतो. हा अल्बम बाजारात आला १७ ऑगस्ट १९५९ ला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला माइल्स ‘बर्डलँड’ क्लबबाहेर, स्वतःचे नाव लिहिलेल्या फलकाखाली सिगारेट ओढत उभा होता. पोलिसाने हटकले, “इथून हल.” तो म्हणाला, मी इथेच वाजवतो. त्याचे डोके फोडले, वर अटकही केली. पुढे न्यायालयात तो निर्दोष सुटला. गुरुजी म्हणतात, “वकीलसाहेब, तुम्ही संगीत ऐकता की फिर्याद?” मी म्हणतो, दोन्ही.

आबांचा कौल चार्ल्स मिंगसला, आणि तोही ठरलेला. १९५७ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर फॉबस याने लिटल रॉक गावच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू देऊ नये म्हणून सैनिक उभे केले. मिंगसने त्याच्यावर रचना केली, ‘फेबल्स ऑफ फॉबस’. १९५९ च्या ‘मिंगस आह उम’मध्ये ती नुसत्या वाद्यांवर आहे, शब्द नाहीत. १९६० ला छोट्या कँडिड कंपनीने ती शब्दांसकट काढली. मिंगस सवाल टाकतो, ड्रमवादक डॅनी रिचमंड जबाब देतो आणि दोघे मिळून गव्हर्नरची टिंगल करतात. आबा म्हणतात, “हा तर आपला जलसाच की!” भीमराव कर्डकांच्या पिढीचे जलसे ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून आबांनी ऐकलेले आहे, म्हणून त्यांना हे लगेच जुळते. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकावेत, आधी शब्दांविना, मग शब्दांसह, म्हणजे कोणी कोणाचे तोंड बंद केले ते कळते, ही आबांची शिफारस. ती मी सर्वांना करतो.

माझी स्वतःची शिफारस मात्र मॅक्स रोचची ‘वुई इन्सिस्ट!’. साल १९६०. मुखपृष्ठावर उपाहारगृहाच्या काउंटरला टेकून तीन कृष्णवर्णीय पुरुष कॅमेऱ्याकडे पाहत आहेत आणि पलीकडे गोरा नोकर. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले होते. त्यांना चहा-कॉफी नाकारली गेली, पण ते उठले नाहीत. महाडच्या माणसाला चवदार तळे आठवल्याशिवाय राहील काय? १९२३ ला मुंबई कायदेमंडळाचा ठराव, १९२४ ला महाड नगरपालिकेचा ठराव, कागदावर तळे खुले. प्रत्यक्षात ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि दिवाणी दाव्याचा अखेरचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ चा मार्च. या अल्बममध्ये ॲबी लिंकन ही गायिका एका तुकड्यात शब्द सोडून देते आणि मिनिटभराहून अधिक काळ केवळ किंचाळते. सोबतीला फक्त ड्रम. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आबांच्या सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय झाले म्हणून. शेवटची रचना दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलच्या गोळीबारात मेलेल्यांसाठी आहे. तो गोळीबार २१ मार्च १९६० चा.

नातवाचे दैवत जॉन कोल्ट्रेन. ‘अ लव्ह सुप्रीम’ लागला की आबा कुरकुरतात, कारण तो अल्बम कोल्ट्रेनने ईश्वराला वाहिलेला आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे भजन कशाला? नातू शांतपणे सांगतो की शेवटच्या भागात कोल्ट्रेन स्वतःची कविता सॅक्सोफोनवर अक्षरागणिक ‘वाचतो’, तोंडाने एक शब्दही न उच्चारता, ते तरी ऐका. आबा ऐकतात. मत बदलत नाहीत, पण ऐकतात. या दोघांत समेट होतो तो कोल्ट्रेनच्या ‘अलाबामा’वर. १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वंशवाद्यांनी बॉम्ब ठेवला, चार मुली मेल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने ही पाच मिनिटांची रचना ध्वनिमुद्रित केली. ती ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’ या अल्बममध्ये आहे.

बिली हॉलिडेचे १९३९ चे ‘स्ट्रेंज फ्रूट’ आम्ही यादीत ठेवले आहे, पण लावत नाही. झाडाला लटकवलेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रेतांवरचे ते गाणे. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते काढायला नकार दिला होता, म्हणून दुसऱ्या छोट्या कंपनीकडून निघाले. २००६ च्या खैरलांजीनंतर मला ते पुरे ऐकवत नाही. ज्याला ऐकवेल त्याने एकट्याने ऐकावे.

हे संगीत मुंबईत आले तेही हॉटेलांच्या दारातून. १९३५ ला लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी उचलले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांच्यासोबत ‘अलबेला’त (१९५१) होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अशा कितीतरी जणांनी हिंदी चित्रपटांचा वाद्यमेळ उभा केला. पडद्यावर अशा वादकांची नावे ‘सहाय्यक’ म्हणून आली, नाहीतर आलीच नाहीत. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. तिकीट परवडणारे नव्हते. आबांनी रंगभवनाबाहेर फूटपाथवर उभे राहून ऐकले. उघड्यावरचे नाट्यगृह असल्याचा तेवढा फायदा!

नातवाच्या वडिलांच्या प्रश्नाकडे मी वकील म्हणून पाहिले. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचे ‘कॅबरे कार्ड’ लागे. ते काढून घेतले की पोट बंद. बिली हॉलिडेचे १९४७ ला गेले. पियानोवादक थेलोनियस मंकचे १९५१ ला गेले, कारण मित्राविरुद्ध साक्ष द्यायला तो तयार झाला नाही. सहा वर्षे त्या शहरातल्या क्लबांत त्याला वाजवता आले नाही. हा जाच १९६७ ला संपला. म्हणजे त्यांचा छळ होता वाजवू न देण्याचा. आपल्याकडे उलट, वाजवायलाच लावण्याचा. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ ला कायदेमंडळात विधेयक आणले आणि कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. वतन म्हणजे दिवसरात्र कोणीही हाक मारावी आणि नाही म्हणता येऊ नये. आजोबांनी माळ्यावर टाकली ती खरे म्हणजे ही हाक. सनई तिच्यासोबत गेली, कारण त्या काळी दोन्ही सोडवून वेगळे करायला त्यांच्या हातात काही नव्हते. बाबासाहेब तर उतारवयात व्हायोलिन शिकत होते!

नातवाच्या हातात १८७२ चा करार कायदा आहे. त्याच्या पथकाला महाडचे एक लग्न मिळाले तेव्हा मी मुद्रांकावर एक पानी करार टंकून दिला. वाजवण्याची वेळ चार तास, पुढे प्रत्येक तासाला जादा रक्कम. निम्मे पैसे आगाऊ. जेवण पाहुण्यांच्याच पंगतीत. पालखीपुढे वाजवणार नाही. कोणी जातिवाचक बोलल्यास काम त्याच क्षणी थांबेल आणि आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. आबांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि एक कलम वाढवायला सांगितले, की लग्नपत्रिकेवर वाजवणाऱ्यांची नावे छापायची. यजमान हसले, पण छापली.

मुलाचे वडील अजून आमच्यात येऊन बसलेले नाहीत. मागच्या शनिवारी मिंगस चालू होता तेव्हा ते बाहेर ओट्यावर होते. सूनबाईंनी चहा तिकडेच नेऊन दिला. गाणे संपले तसे त्यांनी आत डोकावून मुलाला विचारले, “तो सवाल करणारा कोण, आणि जबाब देणारा कोण?”