वृद्धाश्रमातील प्रवेश

वृद्ध व्यक्तीने स्वतःच्या घरातील वास्तव्य सोडून सामूहिक निवाससंस्थेत कायमस्वरूपी किंवा दीर्घ मुदतीसाठी राहावयास जाणे, यास वृद्धाश्रमातील प्रवेश असे म्हणतात. प्रवेशाबरोबर दिनक्रम, आहार, शेजार, औषधोपचार, पैशाचे व्यवहार आणि नातेसंबंध यांची घडी नव्याने बसवावी लागते. निर्णय कोणी घेतला, करार कोणत्या अटींवर झाला आणि प्रवेशानंतर आप्तेष्ट कितपत संपर्कात राहिले, या तीन गोष्टींवर नव्या जागी मन रमणे बरेचसे अवलंबून असते. या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

प्राचीन भारतीय आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. 'वृद्धाश्रम' या शब्दातील 'आश्रम' हे पद त्या परंपरेची आठवण करून देते. मात्र आजच्या वृद्धाश्रमांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील धर्मादाय संस्थांमध्ये अधिक स्पष्टपणे आढळते. पुण्याच्या नवी पेठेतील 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून त्याच शतकात निघालेल्या अनाथ पंगुगृहाचे आजचे रूप आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली 'प्रोव्हेदोरिया' ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धांसाठी निवासगृहे चालवते. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना सुरू केली. तीत काही जागा सशुल्क व काही निःशुल्क ठेवण्याची तरतूद होती.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. वाढलेले आयुर्मान, लहान कुटुंबे, नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी गेलेली मुले आणि घरातील सर्व प्रौढ व्यक्ती कामासाठी दिवसभर बाहेर असणे, ही वृद्धाश्रमांची गरज वाढण्याची प्रमुख कारणे होत. निपुत्रिक, अविवाहित अथवा विधवा-विधुर व्यक्तींपैकी अनेक जण स्वेच्छेनेही हा मार्ग निवडतात. त्यामुळे वृद्धाश्रमात राहणारी प्रत्येक व्यक्ती मुलांनी टाकून दिलेलीच असते, हा समज बरोबर नाही.

संस्थांचे प्रकार

निःशुल्क वृद्धाश्रम शासकीय अनुदानावर किंवा देणग्यांवर चालतात आणि तेथे निराधारांना प्राधान्य मिळते. सशुल्क वृद्धाश्रमात प्रवेशाच्या वेळी अनामत रक्कम व त्यानंतर दरमहा शुल्क घेतले जाते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी शुश्रूषा केंद्रे असतात. तेथे परिचारिका व काळजीवाहक चोवीस तास उपलब्ध असणे अपेक्षित असते. ज्येष्ठांसाठी बांधलेली निवासी संकुले हा याहून वेगळा प्रकार आहे. तेथे सदनिका विकत किंवा भाडेपट्ट्याने घेऊन भोजन, स्वच्छता, वैद्यकीय मदत आदी सेवांचे शुल्क स्वतंत्रपणे द्यावे लागते. अशा प्रकल्पांच्या रचनेविषयी व सोयींविषयी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वे लागू केली.

अनेक सर्वसाधारण वृद्धाश्रम केवळ हिंडत्या-फिरत्या, म्हणजे स्नान, जेवण, शौच आदी क्रिया स्वतः करू शकणाऱ्या व्यक्तींना प्रवेश देतात. पुढे ती क्षमता उरली नाही तर संस्था काळजीवाहकाची सोय करते, अधिक शुल्क आकारते की निवासीस परत न्यावयास सांगते, हे प्रवेशापूर्वीच विचारून घेणे आवश्यक ठरते. हा प्रश्न न विचारल्यामुळे सर्वांत बिकट काळात दुसऱ्यांदा स्थलांतर करण्याची वेळ येऊ शकते.

निर्णय आणि पूर्वतयारी

मांडीचे हाड मोडणे, पक्षाघात किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा प्रसंगानंतर प्रवेशाचा निर्णय पुष्कळदा घाईने घेतला जातो. प्रकृती बरी असतानाच दोन-तीन संस्था पाहून ठेवल्यास अशा वेळी निवड करणे सुकर होते. ठरवून दिलेल्या वेळेखेरीज एकदा जेवणाच्या वेळीही भेट दिली, तर तेथील अन्न, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांची अधिक खरी कल्पना येते. पाहणी करताना स्नानगृहातील आधारदांड्या, न घसरणारी फरशी, उंच बैठकीचे शौचकूप, उद्वाहक किंवा उतरण, पलंगाजवळची घंटा, रात्रपाळीस हजर असणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि जवळच्या रुग्णालयाचे अंतर या बाबी पाहाव्यात. काही संस्था पंधरा दिवस किंवा महिनाभर तात्पुरते राहून पाहण्याची मुभा देतात.

ज्यास राहावयाचे आहे त्यानेच शक्य तोवर निर्णय घ्यावा किंवा निदान त्यात सहभागी व्हावे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व मानले जाते. 'चार दिवस हवापालट करून येऊ' असे सांगून वृद्धास संस्थेत सोडल्याने त्या दिवसाचा वाद टळतो. मात्र खरी गोष्ट कळल्यावर मुलांवरील आणि संस्थेतील माणसांवरीलही विश्वास डळमळतो. राहावयास जाणाऱ्याची समजशक्ती शाबूत असेल, तर त्याच्या संमतीविना दिलेला प्रवेश नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही खोली, खिडकीजवळची जागा, सोबत न्यावयाच्या वस्तू यांबाबत लहान लहान निवडी करू देता येतात.

प्रवेशप्रक्रिया आणि करार

प्रवेशअर्जासोबत सामान्यतः आधार कार्ड, वयाचा पुरावा, छायाचित्रे, डॉक्टरांचा दाखला, चालू औषधांची यादी आणि जबाबदार नातेवाइकाचे हमीपत्र मागितले जाते. मुले परदेशी असल्यास अनेक संस्था स्थानिक पालकाचे नाव मागतात. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आल्यास तीच व्यक्ती प्रथम धावून येणार असते. मृत्यूनंतर कोणास कळवावे आणि अंत्यविधी कोणी व कसा करावा, याविषयीचा रकानाही काही अर्जांत असतो. तो वाचून नवागतास धक्का बसू शकतो, म्हणून घरीच त्याविषयी बोलून ठेवणे बरे.

करार लेखी असावा आणि त्याची एक प्रत निवासीकडे राहावी. पुढील बाबी त्यात स्पष्ट असणे इष्ट असते:

• अनामत रक्कम परत मिळते का, केव्हा मिळते आणि तीतून काय वजा होते.
• दरमहा शुल्कात काय समाविष्ट आहे; औषधे, डायपर, धुलाई, रुग्णवाहिका आणि खास काळजीवाहक यांचा खर्च वेगळा आहे का.
• शुल्कवाढ किती काळाने व कोणत्या पद्धतीने होते.
• रुग्णालयात किंवा मुलांकडे गेल्यास त्या काळाचे शुल्क द्यावे लागते का.
• संस्था किंवा निवासी यांपैकी कोणीही करार संपवावयाचा झाल्यास किती मुदतीची सूचना द्यावी.
• तक्रार कोणाकडे करावी.

कागदपत्रे आणि पैशाचे व्यवहार

पत्ता बदलल्यावर बँक, टपाल कार्यालय, निवृत्तिवेतन कार्यालय आणि गॅस वितरक यांना कळवावे लागते. शासकीय निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सुविधेमुळे तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो. मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचारसंरक्षण ऑक्टोबर २०२४पासून मिळू लागले आहे. त्यासाठीचे कार्ड प्रवेशापूर्वी काढून ठेवावे.

वृद्धाश्रमात गेल्याने बँक खाते, घर किंवा दागिने यांवरील मालकी संपत नाही. पासबुक, धनादेशपुस्तिका आणि एटीएम कार्ड कोणाच्या ताब्यात राहतील, हे निवासीने स्वतः ठरवावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर स्वाक्षरी करू नये. मृत्युपत्र करावयाचे असल्यास त्यावर दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या लागतात. असाध्य आजारात कोणते उपचार नकोत, हे सांगणारे वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. ते दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते.

दिनक्रम

बहुतेक संस्थांत दिवस पहाटेच्या चहाने सुरू होतो. न्याहारी, स्नान, वृत्तपत्रवाचन, दुपारचे जेवण, विश्रांती, चहा, सायंकाळची प्रार्थना किंवा हरिपाठ आणि त्यानंतर लवकर रात्रीचे जेवण असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. घरी रात्री नऊ वाजता जेवणाऱ्यास सात वाजताचे जेवण प्रारंभी जड जाते. स्वयंपाक सर्वांसाठी एकच व बहुधा कमी तिखट-तेलाचा असतो. उपवास, पथ्ये आणि चावता न येणे यांची नोंद आधी दिल्यास त्यानुसार सोय होऊ शकते.

एका खोलीत दोन किंवा अधिक व्यक्ती राहत असतील, तर पंखा, दिवा, खिडकी, रेडिओ आणि घोरणे यांवरून कुरबुरी होतात. अनेक वर्षे स्वतःच्या घरात राहिलेल्यास सामाईक स्नानगृहाचीही सवय नसते. सामान बेताचेच नेता येते. नावाची खूण केलेले कपडे, चष्म्याची जादा जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, काठी किंवा वॉकर, न घसरणाऱ्या चपला आणि औषधे यांबरोबरच जुने छायाचित्र, पूजेची लहान मूर्ती, आवडते पुस्तक किंवा घरची गोधडी अशा ओळखीच्या वस्तू सोबत असल्यास परकेपणा कमी होतो.

कर्मचारी सर्वांनाच 'आजी' किंवा 'आजोबा' म्हणतात. काहींना त्यात आपुलकी वाटते. काहींना मात्र आयुष्यभर ऐकलेले 'बाई', 'गुरुजी', 'काका' किंवा आडनावानेच केलेले संबोधन हवे असते. ते पहिल्याच दिवशी सांगावे. वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त बाहेरील लोक अन्नदानास येतात व छायाचित्रे काढतात. त्यात सहभागी न होण्याची मोकळीक निवासीस असली पाहिजे.

पहिले काही आठवडे

जागा बदलल्याने येणाऱ्या मानसिक व शारीरिक ताणाला परिचर्याशास्त्रात स्थलांतरताण म्हणतात. उत्तर अमेरिकेतील परिचर्यानिदान संघटनेने १९९२ साली तो स्वतंत्र निदान म्हणून स्वीकारला. झोप न लागणे, अन्नावरील वासना उडणे, रडू येणे, अबोला, चिडचिड, वस्तू चोरीला गेल्याचा संशय आणि 'मला घरी न्या' हा आग्रह ही त्याची सामान्य लक्षणे आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत सायंकाळी गोंधळ वाढतो. नव्या जागेत रात्री उठताना पडण्याचा धोकाही असतो. म्हणून रात्रीचा मंद दिवा आणि शौचालयापर्यंतची मोकळी वाट महत्त्वाची ठरते.

बहुतेकांत ही लक्षणे हळूहळू ओसरतात. उदासी, भूक मंदावणे आणि कशातही रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत टिकले, तर ते वार्धक्याचेच लक्षण न मानता डॉक्टरांना दाखवावे. नैराश्यावर उतारवयातही उपचार होऊ शकतात. भाजी निवडणे, बागेस पाणी घालणे, हिशेब लिहिणे, इतरांना वृत्तपत्र वाचून दाखवणे असे एखादे काम नियमित मिळाल्यास आपला उपयोग आहे ही भावना टिकून राहते.

कुटुंबीयांची भूमिका

प्रवेशाच्या दिवशी कुटुंबीयांनी घाईने निघून न जाता खोली लावून द्यावी, शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी आणि पुढील भेटीचा दिवस निश्चित सांगावा. सांगितलेला दिवस पाळणे हे वरचेवर पण अनियमित येण्यापेक्षा अधिक आधार देते. 'मन रमावे म्हणून महिनाभर येऊ नका' असा सल्ला कोठे दिला जात असेल, तर त्याचे कारण विचारून घ्यावे. भेटीस सरसकट बंदी असणे ही सावधगिरीची खूण होय. अंगावरील वळ, शय्याव्रण, झपाट्याने घटणारे वजन किंवा कर्मचाऱ्यांसमोर गप्प होणे यांकडे दुर्लक्ष करू नये. घरातील लग्नकार्य, बारसे किंवा आजारपण यांची बातमी निवासीस देणे आणि महत्त्वाच्या निर्णयांत त्याचा सल्ला घेणे, हा नाते टिकवण्याचा साधा मार्ग आहे.

कायदेशीर संरक्षण

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील मुलांकडून, तर निपुत्रिक ज्येष्ठ व्यक्ती संपत्तीचा वारसा मिळणाऱ्या नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अर्जाचा निर्णय उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण देते. सूचना बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवसांची एकच मुदतवाढ देता येते. मूळ कायद्यात निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या क्षमतेचा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याविषयी आहे. कलम २३ संपत्तीसंबंधी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती घेणाऱ्याने अट न पाळल्यास, देणाऱ्याच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण परत करवू शकते. म्हणून बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घेणे महत्त्वाचे आहे. सांभाळाची जबाबदारी असताना ज्येष्ठ व्यक्तीस कोठेही टाकून देणाऱ्यास कलम २४ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे.

साहित्यातील चित्रण

वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकात सर्व संपत्ती मुलांना वाटून देणाऱ्या वृद्ध नटाची परवड दिसते. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' या नाटकात मुले दूर गेल्यावर घरातच एकाकी झालेले वृद्ध दांपत्य आहे. ही दोन्ही नाटके वृद्धाश्रमाविषयी नाहीत. उतारवयातील असुरक्षितता आणि एकाकीपणा घरातही असू शकतात, हे मात्र त्यांतून दिसते.

हे सुद्धा पहा

• ज्येष्ठ नागरिक
• वानप्रस्थाश्रम
• स्मृतिभ्रंश
• आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन (१ ऑक्टोबर)