निकाल पंचांच्या हाती

रायपूरमध्ये १७ ऑगस्ट २०२२ रोजी भारतीय बॉक्सर विजेंदर सिंगने घानाच्या एलियासू सुलेला दुसऱ्याच फेरीत नॉकआउट केलं. पंचांच्या गुणांची बेरीज करायची वेळच आली नाही.

भारताचीच बॉक्सर मेरी कोमला ते भाग्य लाभलं नाही. २९ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ती ३-२ अशी हरली. गंमत नव्हे, तीनपैकी शेवटच्या दोन्ही फेऱ्या बहुसंख्य पंचांनी मेरीलाच दिल्या होत्या! पण निकाल जिंकलेल्या फेऱ्या मोजून लागत नाही. पाच पंचांपैकी प्रत्येक जण दर फेरीत सरस खेळाडूला १० आणि दुसरीला बहुधा ९ गुण देतो; शेवटी प्रत्येकाची बेरीज स्वतंत्र होते आणि जास्त पंचांच्या बेरजेत जी पुढे, ती जिंकते. पहिल्या फेरीत चार पंच व्हॅलेन्सियाकडे झुकले आणि तिथेच घात झाला. नियमाप्रमाणे निकाल बरोबर होता, तरी मेरीचा त्यावर विश्वास बसेना. सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या खेळाडूची शेवटची ऑलिंपिक लढत अशी संपावी, याची हळहळ आजही वाटते.

आणखी एक भारतीय बॉक्सर, सरिता देवीचं दुःख याहून जळजळीत. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत यजमान कोरियाच्या पार्क जिनाविरुद्धची उपांत्य लढत आपण जिंकलो, याची तिला खात्री होती; पण पंचांनी कौल पार्कला दिला. पदकसमारंभात तिने आपलं कांस्य पार्कच्याच गळ्यात घातलं. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने सरितावर वर्षभराची बंदी घातली.