पु. लं.चा उकार कुठे गेला?

एक्सेलच्या रकान्यात 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे' असे पूर्ण नाव लिहा आणि पहिल्या दोन शब्दांचे आद्याक्षर काढायला 'लेफ्ट' हे फंक्शन लावा. उत्तर येते 'प. ल. देशपांडे'. प्रल्हाद केशव अत्रे होतात 'प. क. अत्रे' आणि शंकर नारायण नवरे होतात 'श. न. नवरे'. ग्रंथालयाची लेखकसूची असो, शाळेचा पट असो की सहकारी संस्थेची सभासदयादी, मराठी नावांची काटछाट संगणकाकडून करून घ्यायला गेलो की मात्रा, उकार, अनुस्वार असे गळून पडतात. सूत्र लिहिणाऱ्याची यात चूक नसते. त्याने एक अक्षर मागितलेले असते. एक्सेल मात्र अक्षरे मोजतच नाही.

मजकुरातला हवा तेवढा तुकडा काढून घेणे हे स्प्रेडशीटमधले रोजचे काम. संगणकाच्या दृष्टीने मजकूर म्हणजे ओळीने मांडलेले, क्रमांक दिलेले संकेत. 'लेफ्ट' डावीकडून काही संकेत घेते, 'राइट' उजवीकडून, आणि 'मिड' सांगितलेल्या जागेपासून सांगितले तेवढे. जिथे प्रत्येक जागेचा अर्थ ठरलेला आहे तिथे ही तीन फंक्शने फार उपयोगी पडतात. बँकेचा आयएफएससी ११ चिन्हांचा असतो: पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, उरलेली सहा शाखेची. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा. त्यातली पहिली दोन राज्याची, म्हणजे महाराष्ट्र २७, गोवा ३०. आणि तिसऱ्यापासून पुढची दहा म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. 'मिड'ला तीन आणि दहा हे दोन आकडे दिले की पॅन हातात येतो. त्या पॅनचे चौथे अक्षर पाहिले तर तो व्यक्तीचा आहे की कंपनीचा हेही कळते, कारण तिथे व्यक्तीसाठी 'पी' आणि कंपनीसाठी 'सी' असते. हजारो नोंदींचा रकाना असा क्षणात वेगळा होतो.

नावांचे तसे नसते. त्यांची लांबी ठरलेली नाही, म्हणून आधी शब्दांमधली रिकामी जागा शोधावी लागते. इथे मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, कामाला येतो. १९९३ साली आलेल्या एक्सेल ५ पासून व्हीबीए ही भाषा एक्सेलमध्येच मिळते. तिच्यात आपले स्वतःचे फंक्शन लिहून ते 'सम' किंवा 'ॲव्हरेज'सारखे थेट रकान्यात वापरता येते. 'इनस्ट्र' रिकामी जागा कितव्या स्थानावर आहे ते सांगते, 'स्प्लिट' त्या प्रत्येक जागी नाव तोडते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. एक्सेलच्या रकान्यातले 'ट्रिम' दोन शब्दांमधल्या जादा जागाही काढते, व्हीबीएमधले 'ट्रिम' फक्त दोन टोकांच्या काढते. संकेतस्थळावरून उतरवलेल्या यादीत १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असेल, तर ती दोघांनाही दिसत नाही. ती आधी बदलून घ्यावी लागते.

इथवर इंग्रजी आणि मराठी यांची वाट एकच आहे. फरक पडतो तो नावाच्या आत.

अक्षरांना हे संकेतक्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला, २३०४ पासून २४३१ पर्यंत. या पट्ट्याची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे. या पट्ट्यात व्यंजनाला एक संकेत आहे, वेलांटीला वेगळा, उकाराला वेगळा, अनुस्वाराला वेगळा आणि पाय मोडणाऱ्या हलन्तालाही वेगळा. 'पु' म्हणजे २३४६ आणि २३६९ असे दोन संकेत. 'स्त्री' हे एक अक्षर सहा संकेतांचे: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. 'महाराष्ट्र' या चार अक्षरांची लांबी 'लेन' हे फंक्शन १० सांगते. त्याच शब्दाचे उजवीकडचे एक अक्षर मागितले तर 'ष्ट्र' येत नाही, नुसता 'र' येतो.

ही युनिकोडची उणीव आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. देवनागरीत जोडाक्षरे शेकड्यांनी होतात आणि नवी होत राहतात. प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायला गेलो असतो तर पट्टा कधीच पुरला नसता. मोजक्या संकेतांतून सगळी अक्षरे घडवणारी ही रचना आपल्या लिपीच्या स्वभावाला धरूनच आहे. अडचण फंक्शनांची आहे. ती एक संकेत म्हणजे एक अक्षर असे धरून चालतात, आणि इंग्रजीत ते खरेही असते.

मग आद्याक्षरासाठी एकाऐवजी दोन संकेत घ्यावेत का? चार नावे पाहा. गजानन दिगंबर माडगूळकरांच्या 'ग'ला एक संकेत पुरतो. पुरुषोत्तमच्या 'पु'ला दोन लागतात, प्रल्हादच्या 'प्र'ला तीन आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'श्री'ला चार. कोणताही ठरावीक आकडा इथे चालणार नाही. फंक्शनला आकड्याऐवजी अक्षर कुठे संपते याचा नियम सांगावा लागतो.

हा नियम आपल्याला बाराखडी शिकतानाच कळलेला असतो, म्हणून तो लिहायला सोपा आहे. पहिला संकेत घ्यायचा आणि पुढचा तपासायचा. तो काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा नुक्ता असेल तर सोबत घ्यायचा. हलन्त असेल तर तोही घ्यायचा आणि त्याच्यामागून येणारे व्यंजनही. यांपैकी काहीच नसेल तर थांबायचे. 'श्री'वर हा नियम चालवून पाहा: श घेतला, पुढे हलन्त आहे म्हणून तो आणि र घेतले, मग वेलांटी घेतली, पुढचा 'पा' नवे अक्षर सुरू करतो म्हणून थांबलो. चिंतामण विनायक जोशी यांचे 'चिं. वि.' याच नियमाने अनुस्वारासकट येते.

व्हीबीएमध्ये हे सगळे डझनभर ओळींत बसते. 'मिड'ने एकेक संकेत उचलायचा आणि 'ॲस्क-डब्ल्यू'ने त्याचा क्रमांक विचारायचा. हलन्त २३८१ वर आहे, अनुस्वार २३०६ वर, काना २३६६ वर. क्रमांक वापरण्याचे कारणही आहे. व्हीबीएचा संपादक युनिकोड वापरत नाही. त्यात देवनागरी अक्षर टाइप केले तर जागोजाग प्रश्नचिन्हे उमटतात.

मराठीची आणखी एक खास अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'दऱ्या'तला र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ठिपक्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे ८२०५ हा अदृश्य जोडसंकेत देऊन. 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्यामुळे 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले रूप आणि मध्ये अदृश्य जोडसंकेत असलेले रूपही अजून सर्रास सापडते. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, पण 'इनस्ट्र'ला तो सापडत नाही आणि 'व्हीलुकअप' रिकाम्या हाताने परत येते. युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरणही 'ॲ'ची ही रूपे एक करत नाही. म्हणून मॅक्रोच्या पहिल्याच ओळींत 'रिप्लेस'ने सर्व रूपे एका रूपात आणावीत आणि मगच मजकूर कापावा.

अक्षराच्या सीमेबाबत युनिकोडचे स्वतःचे नियमही उशिराच सुधारले. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरणारा नियम २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. तोवर 'क्ष' हा हलन्तापाशी दोन तुकड्यांत मोजला जात होता. व्हीबीएला हा नियम ठाऊक नाही. मोडी लिपी तर २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली आणि तिचे संकेत ६५,५३५ च्या पलीकडे पडले. व्हीबीएचे 'लेन' मोडीतला एकेक संकेत दोन म्हणून मोजते, तेव्हा मोडी मजकुरासाठी वरच्या नियमाला आणखी एक पायरी जोडावी लागेल.

मराठी याद्या सांभाळणाऱ्यांनी असे एक फंक्शन जरूर लिहून ठेवावे. ते वापरताना मूळ नावाचा रकाना तसाच राहू द्यावा आणि उत्तर शेजारच्या रकान्यात घ्यावे. मॅक्रोने रकान्यात केलेला बदल एक्सेलमध्ये 'अनडू' करून परत आणता येत नाही.