विश्लेषण : डेस्कटॉपचा पंखा का घरघरतो? उरणच्या खाऱ्या हवेत तो शांत कसा ठेवायचा?

रात्री उशिरा रस्त्यावरचे ट्रेलर जरा विरळ झाले की घरातला एक आवाज एकदम मोठा वाटू लागतो. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या टेबलाखाली किंवा घरून काम करणाऱ्याच्या पायाशी ठेवलेला डेस्कटॉप घरघरत असतो. बऱ्याचदा हा आवाज संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात त्याच्या पंख्याचा असतो. समुद्राला खेटून असलेल्या आणि कंटेनर वाहतुकीची धूळ झेलणाऱ्या उरणमध्ये ही घरघर सुरू व्हायला कारणे जरा जास्तच आहेत. ती कमी करता येते. मात्र त्यासाठी केले जाणारे काही ‘जुगाड’ संगणकाच्या आणि प्रसंगी माणसाच्याही जिवावर बेतू शकतात.

एसएमपीएसला पंखा लागतोच कशाला?

भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या आतल्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो आणि ते करताना काही वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते. किती, ते त्याच्या कार्यक्षमतेवर ठरते. समजा, संगणकाला ३०० वॉट हवे आहेत. ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून ३७५ वॉट ओढतो, म्हणजे ७५ वॉटची उष्णता त्या छोट्याशा डब्यात साठते. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर ओढ सुमारे ३३३ वॉटची आणि उष्णता फक्त ३३ वॉटची. काम तेच, पण बाहेर फेकायची उष्णता निम्म्याहून कमी.

बहुतेक एसएमपीएसमध्ये तापमान ओळखणारा एक छोटा घटक असतो. डबा तापला की तो पंख्याचा वेग वाढवतो, थंड झाला की कमी करतो. म्हणजे पंखा आपल्या मनाने ओरडत नाही, आतली उष्णता त्याला ओरडायला लावते. आणि वेगाचा आवाजाशी संबंध सरळ नसून फार तीव्र आहे. पंख्याचा वेग निम्मा झाला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबलची घट म्हणजेच आवाज निम्मा झाल्यासारखे वाटते. त्यामुळे थोडीशी उष्णता कमी केली तरी शांतता बरीच मिळते.

उरणमध्ये वेगळे काय?

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि मीठ, भात व मासळीवर जगणारा हा तालुका कंटेनरचा तालुका झाला. बंदराभोवती, द्रोणागिरी आणि भेंडखळच्या बाजूला गोदामे व कंटेनर यार्ड उभे राहिले. करळ फाटा, दास्तान फाटा, जासई या पट्ट्यात अवजड वाहनांची ये-जा सुरू असते. त्यांच्या चाकांनी उडणारी माती आणि डिझेलची काजळी खिडकीतून आत येते आणि जिथे हवा ओढली जाते तिथे जमते. घरात सतत हवा ओढणारी वस्तू कोणती? संगणकाचा पंखा.

यात भर मिठाची. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खारे कण येतात. मीठ हवेतला ओलावा शोषते आणि सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाझरू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ ओले होते ते याचमुळे. पंख्याच्या पात्यांवर बसलेल्या धुळीत हे मीठ मिसळलेले असेल तर जून ते सप्टेंबर ती धूळ चिकट होते, पात्यांवर थर धरते आणि हिवाळ्यात कडक होऊन बसते. थर सगळ्या पात्यांवर सारखा नसतो. त्यामुळे पंख्याचा तोल बिघडतो, तो थरथरतो आणि ती थरथर पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये उतरली की घरघर दुप्पट वाटते. जाळी तुंबल्याने हवाही कमी जाते, डबा तापतो, पंखा आणखी वेगाने फिरतो आणि आणखी धूळ ओढतो.

मोरा, करंजा किंवा पीरवाडीच्या बाजूला, किनाऱ्याजवळच्या घरांत कॅबिनेटचे स्क्रू गंजलेले दिसतात. स्क्रू गंजत असेल तर आतले तांब्याचे आणि कथलाचे बारीक जोडही त्याच हवेत आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

आवाज नेमका कुणाचा?

नवा एसएमपीएस आणला आणि आवाज तसाच, असा अनुभव अनेकांना येतो, कारण आवाज दुसऱ्याच पंख्याचा असतो. डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरवर एक, कॅबिनेटच्या मागे एक आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यावर एक-दोन पंखे असतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिची वेगळी घुरघुर. ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे वर्तमानपत्राची सुरळी. एक टोक कानाला लावायचे आणि दुसरे एकेका पंख्याजवळ, जाळीबाहेरच धरायचे. डॉक्टरच्या नळीसारखी ती काम करते. एसएमपीएसची जाळी मागच्या बाजूला, वीजवायर जिथे खोचतो तिथे असते.

आवाजाची जातही बरेच सांगते. काम वाढले की वाढणारा, वाऱ्यासारखा ‘सूं’ आवाज उष्णतेचा. सकाळी सुरू करताच खरखर आणि दहा मिनिटांत कमी, हा बेअरिंगमधले ग्रीस सुकल्याचा. टक-टक असा ठेका असेल तर बहुधा एखादी वायर पात्याला लागते आहे. आणि मच्छरासारखा बारीक चिरका आवाज, जो माऊसने पान वर-खाली करताना किंवा गेम सुरू होताना बदलतो, तो पंख्याचा नव्हेच. विजेच्या वेटोळ्यांची ती थरथर असते. त्रासदायक असते, पण सहसा धोक्याची नसते आणि कितीही साफसफाई केली तरी जात नाही.

वीज गेल्यावर यूपीएसवर चालताना एसएमपीएस अचानक गुणगुणू लागला तर कारण यूपीएसमध्ये असू शकते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतात आणि काही नव्या एसएमपीएसना ती मानवत नाही. पावसाळ्यात वारंवार वीज जाते तिथे हा आवाज हमखास ऐकू येतो.

घरी काय करता येते?

पहिला उपाय फुकटचा आहे आणि तोच सर्वात दुर्लक्षित. जागा बदला. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात किंवा भिंतीला चिकटून असेल तर मागून निघालेली गरम हवा पुन्हा पुढून आत जाते. मागे निदान वीतभर जागा मोकळी हवी. कॅबिनेट जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवले की झाडू मारताना उडणारी धूळ कमी ओढली जाते. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला असतो आणि पंखा खालून हवा घेतो. असे कॅबिनेट सतरंजीवर ठेवणे म्हणजे त्याचे नाक दाबणे. पायांखाली रबराच्या चकत्या लावल्या की जमिनीत उतरणारी थरथरही कमी होते.

दुसरे, सफाई. आधी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढायची. मग कॅबिनेटचे झाकण उघडून ते गॅलरीत किंवा घराबाहेर न्यायचे आणि मऊ, कोरड्या ब्रशने एसएमपीएसच्या जाळीवरची धूळ काढायची. हवेचा ब्लोअर असेल तर उत्तम. फक्त थोडे अंतर ठेवून, थांबून-थांबून मारायचा. जोराच्या हवेने पंखा भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग खराब होते, म्हणून प्रोसेसरच्या आणि कॅबिनेटच्या पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवावीत. एसएमपीएसच्या जाळीत मात्र बोट, काडी, स्क्रूड्रायव्हर काहीही घालू नये. ओले फडके तर मुळीच नको. उरणच्या हवेत वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सफाईत, हे केले तर पुरते. खिडकी थेट ट्रेलरच्या रस्त्यावर असेल तर आणखी एकदा.

तिसरा उपाय एसएमपीएसच्या बाहेरचा आहे. जुन्या धाटणीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असतो आणि प्रोसेसरने तापवलेली हवा त्याच्याच पोटातून बाहेर जाते. मागे १२० मिलिमीटरचा एक संथ पंखा लावला तर गरम हवा त्या वाटेने निघते आणि एसएमपीएसचा पंखा खाली उतरतो. एक पंखा वाढवून आवाज कमी होतो हे ऐकायला उलटे वाटते, पण मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा हलवतो, जेवढी हलवायला ८० मिलिमीटरच्या जुन्या पंख्याला किंचाळावे लागते.

पंख्याचा वेगच कमी केला तर?

इथे खरा धोका सुरू होतो. वायरमध्ये रोधक जोडून पंखा संथ करणे, १२ ऐवजी ५ व्होल्टवर चालवणे, डबा उघडून बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचे तेल सोडणे असे प्रयोग हौसेने केले जातात. पहिल्या दोहोंत उष्णता तेवढीच राहते आणि ती काढणारा मात्र दुबळा होतो. आवाज जातो, पण आतले कपॅसिटर तापून लवकर सुकतात. स्वस्त एसएमपीएस मरताना एकटा मरेलच असे नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. कस्टमची कागदपत्रे, यार्डच्या नोंदी किंवा ग्राहकांचे दाखले ज्या छोट्या कार्यालयाच्या एकाच डेस्कटॉपवर आहेत, तिथे शांततेची ही किंमत फार मोठी ठरते.

तिसऱ्यात धोका माणसाला. २३० व्होल्टच्या विजेपासून एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा भार साठतो, काही प्रकारांत ४०० व्होल्टच्या जवळपास. वायर काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. ‘बंद करून उघडला होता’ हे इथे पुरेसे कारण नाही. पंखा बदलायचाच असेल तर जाणकार कारागिराकडून बदलून घ्यावा आणि त्याच मापाचा व तेवढीच हवा देणाराच बसवावा. काही संथ पंखे एसएमपीएसच्या सुरुवातीच्या कमी व्होल्टेजवर फिरायलाच लागत नाहीत. वॉरंटी शिल्लक असेल तर डबा उघडण्याचा विषयच नको.

रोज घरघरणारा पंखा एके दिवशी आपोआप गप्प झाला तर खूश होऊ नये. मागच्या जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहावी. ती बाहेरच्या बाजूला उडायला हवी. स्तब्ध लोंबकळत असेल आणि डबा हाताला चांगलाच गरम लागत असेल तर संगणक लगेच बंद करावा. अपवाद फक्त त्या महाग एसएमपीएसचा, ज्यांचा पंखा कमी कामावर मुद्दामच थांबतो. तसे त्यांच्या खोक्यावर लिहिलेले असते.

नवा घ्यायचा तर काय पाहावे?

कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस हे अनेक घरघरींचे मूळ. त्यावर ४५० वॉट असे ठळक छापलेले असते, पण बाजूच्या पट्टीवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचावा. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे मुख्य कामासाठी हाती येतात १९२ वॉट. टायपिंग, हिशेब आणि ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या संगणकाला तेवढे पुरतात. त्यात ग्राफिक्स कार्ड बसवले की तो डबा कायम धापा टाकत राहतो.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या प्रमाणपत्राची खूण कार्यक्षमता दाखवते, आवाज नव्हे. पण कार्यक्षमता जास्त म्हणजे उष्णता कमी, म्हणून ती अप्रत्यक्षपणे शांततेचीही खूण ठरते. पंखा १२० मिलिमीटर किंवा मोठा असावा आणि बेअरिंग फ्लुइड किंवा बॉल प्रकारचे. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा नवा असताना शांतच असतो, उष्णतेत त्याचे तेल आधी सुकते. क्षमता गरजेच्या दीडपट-दुप्पट ठेवली की पंख्याला धावावे लागत नाही. त्याहून मोठा घेऊन फायदा नाही.

उरणमध्ये हवा तो प्रकार मिळाला नाही तर जुना डबा बरोबर घेऊन मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठणारे आहेत. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आल्याने ते सोपेही झाले आहे. दुकानात मात्र पंखा ऐकून निवड करू नये. त्या गर्दीत सगळेच एसएमपीएस शांत वाटतात.