पगारातून कर कापला, तरी थकबाकीची नोटीस
(प्राप्तिकर समजून घेताना : लेखांक 7)

कलम 143(1) खालचे सूचनापत्र कसे वाचायचे, ते गेल्या आठवड्यात पाहिले. तुम्ही दाखवलेला आकडा एका रकान्यात, प्राप्तिकर खात्याच्या बेंगळूरुच्या केंद्राने धरलेला शेजारच्या रकान्यात. आज त्यातल्या टीडीएसच्या ओळीबद्दलच लिहितो, कारण पगारदार माणसाची झोप उडते ती तिथे.

समजा, एका छोट्या कारखान्यातल्या सुपरवायझरच्या पगारातून दरमहा 3,200 रुपये कर कापला गेला. पगारपत्रकावर कपात छापलेली आहे, बँकेतही तेवढी रक्कम कमीच जमा झाली आहे. त्याने विवरणपत्रात वर्षाचे 38,400 दाखवले. सूचनापत्रात मात्र शेजारी शून्य, आणि खाली व्याजासह सगळी रक्कम तीस दिवसांत भरण्याची मागणी. मालकाने पैसे कापले, पण सरकारजमा केलेच नाहीत.

सरकारी कटकट नको म्हणून अशा वेळी मुकाट्याने पैसे भरणारे पुष्कळ आहेत. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की भरू नका. हे तोच कर दुसऱ्यांदा भरणे झाले. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 205 स्पष्ट आहे: पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्याला थेट धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही 2007 साली एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हेच म्हटले. वसुली करायची ती मालकाकडून. प्रत्यक्ष कर मंडळाने 1 जून 2015 च्या पत्राने आपल्या अधिकाऱ्यांना अशी सक्तीची वसुली करू नका असे कळवले आणि मार्च 2016 मध्ये ते पुन्हा बजावले. तरी मागणी निघतेच, कारण संगणक जुळवतो ते खात्यात नोंदलेल्या रकमेशी, तुमच्या पगारपत्रकाशी नव्हे. पैसे दाबणारा निवांत आणि ज्याचे कापले त्याच्या नावावर थकबाकी, हा उघड अन्याय आहे.

उत्तर देण्याआधी तुमच्या नावावर खात्यात किती कर नोंदला आहे, ते फॉर्म 26एएस उघडून पाहा. कधी मालकाने कर भरलेला असतो, पण तिमाही 24क्यू विवरणात तुमच्या पॅनचे एखादे अक्षर चुकलेले असते. तसे असेल तर दुरुस्ती विवरण भरून घेण्यासाठी लेखा विभागाच्या मागे लागा. फॉर्म 16 चा भाग अ सुद्धा तपासा. तो ट्रेसेस या संकेतस्थळावरूनच काढावा लागतो. ऑफिसात टाईप करून शिक्का मारून दिला असेल, तर पाणी कुठेतरी मुरते आहे.

मालकाने पैसे भरलेच नसतील, तर प्राप्तिकर पोर्टलवर 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' उघडा आणि मागणी मान्य नसल्याचा पर्याय निवडा. इथे घाई नको. एकदा 'डिमांड इज करेक्ट' नोंदवले की नंतर असहमती नोंदवता येत नाही. सोबत बारा महिन्यांची पगारपत्रके आणि पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा जोडा. कलम 205 चा उल्लेख करून तेच उत्तर तुमच्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोहोच घ्या. पगारपत्रके देतच नाहीत अशा ठिकाणी नोकरी करत असाल, तर आजपासून मागायला लागा. कर कापल्याचा पुरावाच नसेल, तर कलम 205 चा आधार घेणे अवघड जाते.

गप्प बसणे मात्र महागात पडते. मुदत उलटली की कलम 220(2) खाली दरमहा एक टक्का व्याज चढते आणि पुढच्या एखाद्या वर्षाचा परतावा या थकबाकीत वळता होऊ शकतो. तसे करण्याआधी कलम 245 खाली सूचना येते, तिलाही याच कागदांसह उत्तर द्यायचे.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, तरी जुन्या वर्षांच्या मागण्या जुन्याच कलमांखाली चालतील. पुढच्या लेखांकात कलम 154 चा दुरुस्ती अर्ज.