वळचणीला झरोके

सकाळी ७. शहराच्या नियमाने याआधी ग्राइंडर लावता येत नाही, आणि याहून उशीर केला तर माळ्यावर माणूस टिकत नाही. सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात दुपारी तिथला पारा ६० अंशांवर जातो. घर १९४०च्या दशकातलं. भिंतींना स्टको, म्हणजे तारेच्या जाळीवर तीन थरांत चढवलेला सिमेंटचा गिलावा. वळचणीही खालून त्यानेच लिंपून बंद. हवेला वाट म्हणाल तर दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत एकेक लाकडी झडप.

७:३०. पुण्याहून आलेले बाबा अंगणात चहा घेत म्हणतात, "अरे, सरळ छतावर एक मोठा पंखा लाव की!" शेजारीही हेच सांगतात. पण पंखा हवा ओढणार कुठून? खालून वाट नसेल तर तो सिलिंगच्या फटींतून खोल्यांतली एसीची हवाच वर ओढतो. गॅस गीझरचा धूर उलटा घरात यायची भीती वेगळीच. म्हणून पंख्याऐवजी खाली वळचणीला आणि वर आढ्याजवळ झरोके. काम करणाऱ्या टोळीच्या मुकादमाचा हिशेब साधा आहे. वर-खाली निम्मी निम्मी वाट ठेवली तर माळ्याच्या क्षेत्रफळाचा तीनशेवा भाग उघडा लागतो, एरवी दीडशेवा. आमचा माळा १२०० चौरस फूट, म्हणजे ४ चौरस फूट. खाली २८८ चौरस इंच, वर तेवढेच.

८:३०. खरं काम हे, वळचणीचा गिलावा कापण्याचं. वळचणीखाली सूत मारून दोन समांतर रेघा आखल्या. जुन्या गिलाव्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून नमुना आधीच तपासून घेतला होता. तो निर्धोक निघाला. तरी गिलाव्यातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईटच, तेव्हा पात्यावर पाण्याची धार आणि तोंडावर मास्क. डोक्यावर हात धरून कापायचं, राखाडी चिखल बाहीतून कोपरापर्यंत उतरतो. पातं जेमतेम इंचभर आत. जाळी तुटली पाहिजे, वर वाशाला ओरखडाही नको. घाई केली की जाळी थरथरते आणि गिलाव्याला हातभर तडा जातो. म्हणून दोन फूट कापून थांबतात, सुटलेली कड पट्टीला स्क्रूने आवळतात, मग पुढे. दर फुटाला ९ चौरस इंच हवा देणारी जाळीची पट्टी, अशी एकूण ३२ फूट. जाळी बारीक घेतली आहे. वणव्याच्या ठिणग्या अशाच झरोक्यांतून माळ्यात शिरतात. कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना २००८ पासून ठिणगी अडवणारे झरोके सक्तीचे आहेत.

११. एकजण माळ्यावर रांगत जाऊन कडेचा इन्सुलेशनचा कापूस मागे सारतो आणि प्रत्येक दोन वाशांमध्ये हवेला वाट मोकळी ठेवणारी पन्हळ ठोकतो. ही पन्हळ नसेल तर कापूस पुन्हा सरकून झरोका बुजवतो आणि सकाळची सगळी मेहनत फुकट.

१. जेवण. सावलीत.

२. छतावर आढ्याजवळ चार झरोके, प्रत्येकी ७२ चौरस इंचांचे. त्यांच्या पत्र्याची वरची कड शिंगल्सच्या खाली सारायची, नाहीतर पावसाळ्यात गळती. जुन्या झडपा आतून प्लायने बंद. उघड्या राहिल्या तर हवा जवळची वाट धरते आणि वळचणीकडून येतच नाही.

५. बाबांनी उदबत्ती पेटवून पट्टीखाली धरली. धूर सरळ आत. मुकादमाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला. गिलाव्याच्या कडांना आज पहिलाच थर लागला. वरचे थर नंतर, आणि रंग जुन्याशी तंतोतंत जुळणार नाही, हे त्याने आधीच बजावलंय. इन्स्पेक्टर उद्या येणार, म्हणून शिडी इथेच राहील.